पोती वाळूवर ठेवू नका, कुणीही सांगितलं तरी

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठणकायला लागलं. किनारा साफ केलात, जाळ्यांचे गुंते, बाटल्या, थर्माकोल पोत्यांत भरलं, आणि ज्या कार्यालयाने परवानगीचं पत्र दिलं तेच आता म्हणतंय, ‘पाहणी होईपर्यंत काही हलवू नका.’ शिवाय जाळ्यात अडकलेलं कासव सोडवून पाण्यात सोडलंत, ते बरोबर केलं का, असंही विचारलंय. हातमोजे, भरती-ओहोटीच्या वेळा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आधी पोत्यांचं. ती आजच्या आज उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, सावलीत न्या. हलवण्याआधी फोटो काढा, कार्यालयाला एक ओळीचं पत्र टाका, पण उत्तराची वाट बघत बसू नका. कायदेशीर सल्ला म्हणून हे घेऊ नका, मी वकील नाही. पण वाट बघण्यात काय होतं ते मी पाहिलंय.

आमच्या वेळी एका कार्यालयाने अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं. नाव घेत नाही, कारण तिथे एकदोन भली माणसंही होती. कचरा समुद्रातून आला म्हणून तो जमिनीवरच्या सफाई खात्याचा नाही. वाळूवर पडलाय म्हणून बंदराचाही नाही. जाळी आहेत ना, मग मासेमारी खात्याकडे जा. तिथे विचारलं, कुठल्या बोटीचं जाळं, बोटीचा नोंदणी क्रमांक द्या. चिंध्या झालेल्या, शंखशिंपले चिकटलेल्या जाळ्यावर नोंदणी क्रमांक! पत्राची पोच मिळाली, उत्तर कधीच नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. आणि पोती हलवली तर परवानगी रद्द, ही तंबी होतीच.

तोवर पोती उन्हात. ही विणलेली पोती म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात आणि माल ठिसूळ होत जातो. सुरुवातीला नुसता रंग उडाला. मग पट्टीला बोट लावलं की ती चुरचुरत तुटायची आणि बोटाला पांढरी भुकटी चिकटायची. शेवटी उचलायला गेलो तर पोत्याचे कान हातात आले आणि पोतं जागच्या जागी बसलं. नंतरच्या उधाणात बाटल्या गेल्या, थर्माकोल गेला, आणि पोत्यांचा भुगाही गेला. म्हणजे आधी नव्हताच असा कचरा आम्ही समुद्राला नव्याने दिला. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, या पट्ट्या तर मोडून त्याहून कितीतरी बारीक झाल्या होत्या. पाणी गाळून पोट भरणाऱ्या शिंपल्या असले कण सहज आत ओढतात. त्या कार्यालयाच्या अहवालात मात्र मोहीम यशस्वी, वजनाच्या आकड्यासकट. असो.

म्हणून माझं ठाम मत: कचरा शेवटी कुठे जाणार आणि तिथे तो कोण घेणार, हे लेखी हातात आल्याशिवाय पुढची मोहीम ठरवूच नका. फोटोसाठी माणसं गोळा होतात, गाडीसाठी कुणी नसतं. जवळच्या बंदराला हेही विचारा की जहाजांवरचा कचरा उतरवून घ्यायची त्यांची सोय कुठे आहे. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकायला मारपोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि अशी सोय बंदरांत असली पाहिजे हेही त्यातच आहे. ती सोय तुमच्या पोत्यांसाठी नाही असं तोंडावर सांगतील, कागदावर तसं खरंही असेल. पण निदान कुणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव तरी कळतं.

जाळी बाकीच्या कचऱ्यात मिसळू नका. उत्तर पॅसिफिकमधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यातल्या प्लास्टिकच्या वजनात निदान ४६ टक्के जाळीच होती, असं २०१८ च्या अभ्यासात निघालं. सुटलेलं जाळं मासेमारी थांबवत नाही. अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात. पुनर्वापरवाले मुख्यतः नायलॉन बघतात आणि त्यांना ते स्वच्छ हवं असतं. अडचण ही की जाळं एकाच मालाचं क्वचितच असतं: अंग नायलॉनचं, वरचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा, खालच्या दोरात शिसं. ओळखायला एक तुकडा बादलीभर पाण्यात बुडवून त्यावरचे बुडबुडे बोटांनी चोळून काढा. नायलॉन तळाला जातं, पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नव्हे.

वजनाच्या आकड्यावर माझा राग जुना आहे. ओल्या वाळूने भरलेलं जाळं तराजूवर थोर दिसतं आणि फुग्याचा फाटका तुकडा शून्य. पण समुद्रपक्ष्यांवरच्या २०१९ च्या अभ्यासात फुग्याचा गिळलेला तुकडा कडक प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट जास्त जीवघेणा ठरला, कारण मऊ माल आतड्यात अडकून बसतो. म्हणून नग मोजा, प्रकारवार लिहा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तुमच्या किनाऱ्यावर दोरच जास्त येतात की पिशव्या, हे कळल्याशिवाय भांडायचं कुणाशी?

जाता जाता, ‘जैवविघटनशील’ लिहिलेल्या पोत्यांच्या मोहात पडू नका. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी तसा दावा असलेल्या पिशव्या मातीत आणि समुद्रात ठेवून पाहिल्या. ३ वर्षांनंतरही त्यांत सामान भरून नेता येत होतं. आणि लाटेने आणलेलं शेवाळ कचरा समजून खरवडू नका, त्यात बारीक जीव राहतात.

आता कासव. मी पशुवैद्य नाही, जे शिकलो ते एका पशुवैद्यांकडून. बहुतेक देशांत समुद्री कासवांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून हात लावण्याआधी वन्यजीव बचाव पथकाला फोन करायचा. जाळं ओढायचं नाही, गाठीगाठीने कापायचं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल तर तो मुळीच ओढू नका. आत आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा झालेलं असू शकतं आणि ओढलं की चिरतं. गिळलेलं बाहेर टाकणं कासवाला जमत नाही, घशातले काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. प्लास्टिकवर शेवाळ आणि जिवाणू साचले की त्याला अन्नासारखा वास येतो, म्हणून ते खाल्लं जातं. २०१८ च्या एका अभ्यासात पोटात १४ तुकडे असले तर मरण्याची शक्यता ५० टक्के निघाली.

तुमच्या कासवाबद्दल: जोरात पोहत खोल गेलं असेल तर बरं झालं. पण फोटोत त्याचा उजवा पुढचा पाय वळ पडलेल्या जागेखाली सुजलेला दिसतोय. दोरी निघाली तरी रक्त अडलेला भाग नंतर सडू शकतो, आणि अशक्त कासव पाण्यात बुडून मरतं. पुढच्या वेळी सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि पथक येईपर्यंत सोडू नका. आत्ता निदान तो फोटो पथकाला पाठवून ठेवा. पुन्हा किनाऱ्याला लागलं तर पायावरच्या त्या वळावरून ते ओळखतील.