मामंजींच्या ट्रकसोबत चाललेला दिवा

प्रश्न : माझे सासरे १९७१ च्या लढाईत राजस्थान सीमेवर फौजी ट्रक चालवायचे. डिसेंबरात अंधार पडताना, दिवे बंद करून सीमेकडे जात असता एक पांढरा प्रकाश बराच वेळ गाडीसोबत चालला आणि मग पाकिस्तानच्या बाजूला उतरला, असं ते आजही छातीठोकपणे सांगतात. नातवंडं म्हणतात, उडती तबकडी! काय असेल ते?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आजोबा थापा मारत नाहीत, हे आधी नातवंडांना सांगा. माझा संशय शुक्रावर आहे. त्या महिन्यात तो सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला दिसायचा आणि लवकरच मावळायचा. ब्लॅकआउटमधल्या वाळवंटात तो केवढा ठळक दिसला असेल! धावत्या गाडीतून झुडपं मागे पडतात, ग्रह मात्र पडत नाही, म्हणून तो सोबत येतोय असं वाटतं. अंधारात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळतच नाही. मी सोनेगाव विमानतळाजवळ राहतो. समोरून उतरणाऱ्या विमानाचा दिवा कितीतरी वेळ जागीच टांगल्यासारखा दिसतो.

त्यात शत्रूची धास्ती असली की विचारूच नका. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये आपल्या जवानांनी चिनी ड्रोन म्हणून नोंदवलेले दिवे गुरू आणि शुक्र निघाले. बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी तो उलगडा केला. जवानांना हसू नका. पहाऱ्यावरच्या माणसाने दिसेल ते कळवायचंच असतं.

पण सगळंच शुक्राच्या माथी मारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या नोव्हेंबरात, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यावर रात्री उडणाऱ्या अमेरिकी ४१५ व्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांना विमानाच्या आसपास तांबूस गोळे दिसू लागले. त्यांनी नाव ठेवलं 'फू फायटर'. जर्मनांचं गुप्त शस्त्र असेल, ही पहिली शंका. १९५३ मध्ये उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अमेरिकेच्या रॉबर्टसन समितीने, विद्युतभारामुळे विमानाच्या टोकांवर उजळणारी 'सेंट एल्मोची आग' किंवा हिमकणांवरून परतलेला उजेड अशा शक्यता मांडल्या. माझं समाधान होत नाही. पंखाला चिकटलेली आग दूर जाऊन परत कशी येईल? तरी म्हणून परग्रहवासी, ही उडी मी मारणार नाही.

आता मामंजींना दोनच गोष्टी विचारा. दिवा नैर्ऋत्येला होता का? आणि रात्रीच्या जेवणाआधी मावळला का? दोन्हींना 'हो' आलं तर शुक्र. पण रात्री नऊनंतरही दिसत होता म्हणाले, तर माझं उत्तर बाद. मला पुन्हा लिहा.