वाचकांचे प्रश्न : चेनसॉचे तुटलेले ओतीव भाग आणि हलक्या धातूंचे वेल्डिंग

प्रश्न : माझ्या चेनसॉच्या क्रँककेसमधून (इंजिनाच्या ओतीव कवचातून), जेथे बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, बसतो तेथील एक स्टड (आट्यांचा खिळा) आट्यांसकट उपटून निघाला असून शेजारच्या भिंतीला बोटभर लांबीची चीर गेली आहे. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने हे ॲल्युमिनियम असल्याचे सांगून आर्गॉनवर जोडून पाहिले. परंतु धातू काळा पडला, सळई मण्यासारखी गोळा झाली आणि थंड झाल्यावर तो मणी टिचकीने सुटून आला. चूक कारागिराची की धातूची? हा भाग जोडता येईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो भाग ॲल्युमिनियमचा नसून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असावा, असे वाटते. ताकदवान चेनसॉंची क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमची, दाबाने साच्यात ओतलेली असते, कारण दिवसभर हातात धरायच्या यंत्रात प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७० आणि पोलादाची सुमारे ७.८५ आहे. रंग लावलेला ओतीव भाग नुसत्या नजरेने ओळखणे जुन्या कारागिरालाही अवघड जाते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. एखाद्या आडबाजूच्या जागी कानशीने रंग आणि वरचा थर काढून उघड्या धातूवर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाकावा. काही क्षणांतच बुडबुडे उठू लागले तर धातू मॅग्नेशियमचा समजावा. ॲल्युमिनियमवर तो थेंब जवळजवळ निश्चल राहतो. चाचणीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी.

आता वेल्डिंगकडे वळू. या कामासाठी टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने वायूच्या आवरणाखाली केलेले वेल्डिंग, कारखान्यांत ज्याला सर्रास आर्गॉन वेल्डिंग म्हणतात, तीच पद्धत योग्य आहे. गंमत अशी की, आज स्टेनलेस स्टीलमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या या पद्धतीचा व्यवहारात जम बसला तो मुळात मॅग्नेशियमपायी : १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियम वायू वापरून विमानांचे मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ती विकसित केली. त्यामुळे मॅग्नेशियम वेल्ड होत नाही, ही समजूत निराधार आहे. अडचण आहे ती धातूवरील ऑक्साइडच्या पापुद्र्याची. शुद्ध मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याच्या ऑक्साइडला २,८०० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणजे आत धातूचे पाणी झालेले असते आणि वरची साय मात्र तशीच घट्ट असते. प्रत्यावर्ती, म्हणजेच एसी प्रवाहात इलेक्ट्रोड ज्या अर्धचक्रात धन असतो, तेव्हा हा पापुद्रा फोडला जातो. म्हणून एसी प्रवाह, शुद्ध आर्गॉन आणि केवळ याच कामासाठी राखून ठेवलेला स्टेनलेस तारेचा ब्रश यांना पर्याय नाही.

आपल्या कारागिराची मुख्य चूक बहुधा सळईची असावी. सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमची सळई मॅग्नेशियमवर टाकली की दोन्ही धातू मिळून काचेसारखे ठिसूळ संयुग तयार होते आणि मणी टिचकीने सुटतो, तो त्यामुळेच. या क्रँककेसेसमध्ये बहुतांशी एझेड-९१ जातीचा मिश्रधातू असतो, ज्यात सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि सुमारे १ टक्का जस्त असते. त्यासाठी एझेड-९२ किंवा एझेड-१०१ जातीची मॅग्नेशियमची सळई मागवावी. हा मिश्रधातू सुमारे ४७० अंशांपासूनच मऊ पडू लागतो आणि ६०० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. वितळण्यापूर्वी तो पोलादासारखा लालबुंद होत नाही, त्यामुळे कारागिराला पूर्वसूचना मिळत नाही. भिंत क्षणात खाली बसते. माझ्या हातूनही पहिली क्रँककेस अशीच गेली होती. भंगारातील निकामी क्रँककेसवर दोन-चार दिवस हात बसवल्याखेरीज कामाच्या तुकड्याला हात लावू नये, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे.

खरे कष्ट वेल्डिंगपूर्वीचे आहेत. तेल आणि पेट्रोल वर्षानुवर्षे धातूच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, लागताच ते उकळून वर येते. बेअरिंगे, ऑइल सील, रबरी भाग आणि टाक्या काढून, भाग साबणाच्या गरम पाण्याने व नंतर ॲसिटोनने धुवावा आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याची खात्री झाल्यावरच भट्टीत १५० अंशांच्या आसपास तापवावा, म्हणजे उरलेले तेल घाम फुटावा तसे बाहेर येते. ते पुसून पुन्हा धुवावे. क्लोरीनयुक्त क्लीनर मात्र वापरू नये, कारण त्याची वाफ आर्कच्या अतिनील प्रकाशात सापडली तर फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. त्यानंतर चिरीच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून चीर पुढे सरकणे थांबवावे, चीर व्ही आकारात पूर्ण खोलीपर्यंत उकरावी आणि क्रँककेसचे दोन्ही अर्धे एकमेकांना बोल्टने आवळून मगच आर्क लावावा. नाहीतर बेअरिंगची घरे वाकतात आणि चीर बुजूनही क्रँकशाफ्ट सरळ बसत नाही. दाबाने ओतलेल्या धातूत हवा अडकलेली असते, ती जागोजागी फुटून भोके पडतील. तेथे हट्टाने भरत न राहता ती जागा उकरून पुन्हा सुरुवात करावी.

काम झाल्यावर भाग कोमट असतानाच पाण्यात बुडवू नये. तो सावकाश निवू द्यावा. ॲल्युमिनियमचे प्रमाण दीड टक्क्याहून अधिक असलेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंत वेल्डिंगचा ताण आत राहिला तर काही काळाने जोडाशेजारी आपोआप चीर पडू शकते, म्हणून भट्टीत सुमारे २६० अंशांवर तासभर ठेवून हा ताण उतरवतात. तापमान त्याहून फार वर गेल्यास आतील अडकलेल्या हवेमुळे पृष्ठभागावर फोड येतात. मग स्टडच्या जागी वेल्डिंगच्या वेळीच भरून घेतलेल्या धातूत नवे छिद्र पाडावे. आटे थेट मॅग्नेशियममध्ये न पाडता पोलादी तारेच्या गुंडाळीचा इन्सर्ट बसवणे अधिक टिकाऊ ठरते, कारण बार अडकून पिळला गेला की सगळा भार याच स्टडांवर येतो. शेवटी जोडावर प्रायमर आणि रंग लावावा, अन्यथा उघडे मॅग्नेशियम पोलादी स्टडाशेजारी ओल लागताच झपाट्याने गंजते.

प्रश्न : वेल्डिंग वरून छान दिसते, पण करवत सुरू केल्यावर रेस आपोआप चढते आणि इंजिन फार तापते. काय राहिले असेल?

उत्तर : करवत ताबडतोब बंद करावी. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल मिसळलेले पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने, सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते आणि त्यातले वंगण अपुरे पडून पिस्टन जाम होतो. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे अर्धा बार (बार हे दाबाचे एकक) दाब भरावा आणि काटा खाली सरकतो का ते पाहावे. त्यानंतर तेवढीच निर्वात चाचणी करावी, कारण काही ऑइल सील दाबाखाली धरतात आणि ओढीखाली गळतात. दाब असताना जोडावर साबणाचे पाणी लावल्यास गळतीची नेमकी जागा दिसते. ही चाचणी माझ्या मते वेल्डिंगइतकीच अनिवार्य आहे, पण बहुतेक जण ती पिस्टन गेल्यावरच करतात.

प्रश्न : गॅसच्या साध्या टॉर्चवर वितळणाऱ्या ॲल्युमिनियम दुरुस्तीच्या सळया मिळतात. त्यांनी क्रँककेसचे काम भागेल का?

उत्तर : मॅग्नेशियमवर भागणार नाही. त्या सळया जस्त आणि ॲल्युमिनियमच्या असतात, साधारण ३८० ते ४०० अंशांना वितळतात आणि ऑक्साइड खरवडून काढलेल्या ॲल्युमिनियमवर बऱ्यापैकी धरतात. सिलिंडरच्या तुटलेल्या पंखासारखा, भार नसलेला ॲल्युमिनियमचा तुकडा त्यांनी जोडता येतो. परंतु सिलिंडरच्या आतील भिंतीवर कठीण मुलामा असतो आणि बाहेरून एकाच जागी दिलेल्या उष्णतेने भिंत वेडीवाकडी होऊ शकते. एक-दोन पंख तुटलेले असतील तर धारा कानशीने घासून तसेच सोडून द्यावे. थंडाव्यात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : फ्लायव्हीलचे एक पाते तुटले आहे. तेवढे वेल्ड करून घेऊ का?

उत्तर : नाही. फ्लायव्हील मिनिटाला १३,००० ते १४,००० फेऱ्यांपर्यंत फिरते. जोडलेले पाते सुटले तर ते गोळीसारखे उडेल, आणि न सुटले तरी असंतुलनाने बेअरिंगे खाईल. फ्लायव्हील बदलावे. चेन ब्रेक, चेन कॅचर, क्लच ड्रम आणि बार यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रश्न : मॅग्नेशियम पेट घेते असे ऐकून वेल्डिंगवाले काम घेत नाहीत. भीती किती खरी आहे?

उत्तर : भीती खरी आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. जाड ओतीव भाग सहजासहजी पेटत नाही, कारण उष्णता त्याच्या सबंध अंगात पसरून जाते. पेटतो तो कानशीचा आणि ग्राइंडरचा चुरा. ज्या ग्राइंडिंग चाकावर पोलाद घासले असेल त्यावर मॅग्नेशियम घासू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी टेबलावरील व जमिनीवरील चुरा उचलून धातूच्या झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. चुकून आग लागलीच, तर पाणी मुळीच टाकू नये, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडरही उपयोगाचे नाही, कारण मॅग्नेशियम त्या वायूतलाच ऑक्सिजन काढून घेऊन जळत राहते. धातूंच्या आगीसाठी असलेली भुकटी किंवा पूर्णपणे कोरडी वाळू हळुवारपणे वर पसरावी आणि त्या शुभ्र ज्वाळेकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. वाळूची बादली झाकलेली ठेवावी. पावसाची झड लागलेली ओली वाळू पाण्याइतकीच घातक ठरते.