‘नाही’ लिहायला मुलाला सांगू नका

पत्र (थोडक्यात) : मी कळव्यात राहतो, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला आहे. मुलगा टीवायबीकॉमला आहे. त्याला पोलीस भरतीचा ध्यास. सप्टेंबर २०२३ च्या दहीहंडीला दोन पथकांत मारामारी झाली. एफआयआरमध्ये पाच मुलांची नावं आली, त्यात याचंही. भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ (घातक हत्याराने दुखापत) आणि ३४ (सर्वांचा समान इरादा). जामीन झाला, दोषारोपपत्र दाखल झालं, ठाणे कोर्टात तारखा चालू आहेत. एक ओळखीचे गृहस्थ चाळीस हजारांत रेकॉर्ड साफ करून देतो म्हणतात. मी मुलाला बजावलंय, भरतीचा नाद सोड आणि कुठलाही फॉर्म भरलास तर गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिही. नाहीतर दुबईला मेव्हण्याकडे पाठवतो. चौकशी होत नाही असं एखादं क्षेत्र सुचवा. जन्मतारीख आणि मार्कांचा तपशील सोबत दिला आहे.

उत्तर :

नमस्कार. मार्कांचं नंतर बघू, ते चांगले आहेत. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडले. तुम्ही लिहिलंय, “पहाटे तो बूट घालायला बसतो तेव्हा मी विचारतो, आता कुणासाठी धावतोस?” हे तुम्ही रागाने म्हणत नसाल, काळजीने म्हणत असाल, हे कळतं. पण एकदा त्याच्या जागी बसून ऐका. त्या दिवशी मारामारीत पाइप कुणी मारला हे अजून कोर्टात ठरायचंय, आणि घरात मात्र निकाल लागून मोकळा झालाय. केस चालू असतानाही जो मुलगा पहाटे उठून धावायला जातो, कॉलेज सोडत नाही, एकही तारीख चुकवत नाही, तो सावरलेला मुलगा आहे. त्याचा आधार तुम्हीच काढून घेताय. आधी हे थांबवा.

दुसरं त्याहून गंभीर आहे. ‘नाही’ लिही, हा सल्ला. सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. कधी अटक झाली होती का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली आहे का, असं त्यात खोदून विचारलेलं असतं. खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल हेही त्यावर छापलेलं असतं. मग चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यात येते आणि केस तर तिथेच नोंदलेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी; तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. म्हणजे गुन्हा माफ होण्याची शक्यता तरी असते. लपवाछपवी उघडी पडली की ती शक्यताही बहुधा संपते. आज केस चालू आहे, तर आज उत्तर ‘होय’ हेच आहे.

आता त्या चाळीस हजारांबद्दल. देऊ नका. रेकॉर्ड ‘साफ’ किंवा ‘सील’ करून मिळतं हा समज बहुतेक परदेशातल्या व्हिडिओंमुळे पसरलाय. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तशी सोय आहे. आपल्याकडे सज्ञान माणसाचं गुन्ह्याचं रेकॉर्ड पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा नाही. एफआयआर पोलिसांच्या संगणक यंत्रणेत चढलेली असते, खटल्याची स्थिती कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून दिसते. कुठला एजंट ते उडवणार? आपल्याकडे जे होतं ते वेगळं. आरोपातून दोषमुक्ती मिळते, निर्दोष सुटका होते, किंवा दोन्ही बाजूंचा समेट झाला असेल तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग स्पष्ट केला. शिक्षा देण्याऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. या सगळ्यांत केस संपते, पण ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. फक्त पुढे निकाल लिहिता येतो आणि त्याची प्रत जोडता येते.

पण तुमच्या मुलाचा रस्ता यातला नाहीच, असं मला वाटतं. तुम्ही दिलेली जन्मतारीख पुन्हा बघा. नोव्हेंबर २००५. दहीहंडी सप्टेंबर २०२३ ची. त्या दिवशी तो सतरा वर्षं दहा महिन्यांचा होता! तुम्हीच लिहिलंय की चौकीत वय विचारल्यावर तुम्ही “अठरावं चालू” म्हणालात. कागदावर अठरा लागलं आणि पाचही जणांना मिळून एकच वकील असल्याने पुढे कुणी पाहिलंच नाही.

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर तो बालक, मग आज तो कितीही मोठा असो. कलम ९ प्रमाणे हा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही मांडता येतो. तसा अर्ज केला की कोर्ट वयाची चौकशी करतं आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवतं. मोठ्या आरोपींबरोबर त्याचा एकत्र खटला चालत नाही. कलम ३२४ ला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, म्हणून या कायद्यात तो किरकोळ गुन्हा धरला जातो. त्याची चौकशी मंडळाने चार महिन्यांत, मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपवायची असते, नाहीतर कार्यवाहीच संपुष्टात येते. आणि तुम्ही जे शोधत होता ते कलम २४ मध्ये आहे. मंडळाने दोषी ठरवलं तरी त्याची अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते रेकॉर्ड नष्ट करण्याचा आदेश मंडळानेच द्यायचा असतो. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ते उघड करायचं नाही, असं कलम ७४ सांगतं.

वयाचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र. तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळेत घालताना तारीख मागेपुढे केली नव्हती ना, हे वकिलांना आधीच खरं सांगा. दोन्ही दाखले काढून ठेवा. मुलासाठी स्वतंत्र, बाल न्याय मंडळात काम केलेला वकील बघा. परवडत नसेल तर ठाणे न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलासाठी अर्ज करा. वकिलांकडे मुलाला सोबत न्या आणि हकिकत त्याला सांगू द्या.

दुबईचं म्हणाल, तर खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठीच कोर्टाची परवानगी लागते. आणि बीकॉमच्या शेवटच्या वर्षातून मुलाला उचलून पाठवायचं, ते का? शेजारी विचारतात म्हणून?

चौकशी होत नाही असं क्षेत्र मी सुचवणार नाही. बँका आणि मोठ्या खासगी कंपन्याही हल्ली पडताळणी करतात. पोलीस भरतीचं तुम्हाला माहीतच आहे : मैदानी ५० गुण, लेखी १००, खुल्या गटाला वयोमर्यादा २८. त्याच्या हातात वर्षं आहेत. मंडळाचा आदेश येण्याआधी भरती निघाली तर फॉर्म भरू द्या, खरं लिहू द्या, कोर्टातल्या वयाच्या अर्जाची प्रत जोडू द्या. आदेश आल्यावर त्या रकान्यात नेमकं काय लिहायचं ते फॉर्ममधला प्रश्न दाखवून वकिलांकडून लेखी घ्या.

वयाचा अर्ज दाखल झाला की मला कळवा. पुढचं पत्र त्याने स्वतः लिहिलं तर जास्त बरं. लेखीच्या तयारीबद्दल मला त्याच्याशीच बोलायचं आहे.