भारतातली पीपीसी अमेरिकेत फ्लाइट रिव्ह्यू म्हणून चालते का?

तुम्ही लिहिलंय की ट्रेनिंग फ्लोरिडात झालं, एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवाना, आहे, आता इथल्या एअरलाइनमध्ये ए320 वर आहात आणि गेल्याच महिन्यात सिम्युलेटरवर पीपीसी, म्हणजे पायलट प्रोफिशियन्सी चेक ही वैमानिकाच्या कौशल्याची चाचणी, झाली. सुट्टीत न्यू जर्सीला बहिणीकडे जाल तेव्हा तिला भाड्याच्या सेसना 172 मधून फिरवायचंय. मग वेगळा फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबर ठरावीक काळाने करायची उजळणी, कशाला?

मी याच वाटेने गेलोय, म्हणून स्पष्ट सांगतो: ती पीपीसी चालणार नाही. आधीच्या रिव्ह्यूची मुदत संपली असेल तर नवा करावाच लागेल.

नियम अमेरिकी विमान वाहतूक नियमावलीच्या कलम 61.56 मध्ये आहे. मागच्या 24 कॅलेंडर महिन्यांत रिव्ह्यू झालेला हवा. प्रोफिशियन्सी चेक दिलेल्याला सूट आहे खरी, आणि तेवढंच वाचून आपल्याकडची मुलं फसतात. पण तो चेक घेणारा परीक्षक एफएएने अधिकार दिलेला हवा. डीजीसीएचा, म्हणजे भारतीय नियामकाचा, परीक्षक कितीही ज्येष्ठ असला तरी तो अधिकार त्याच्याकडे येत नाही. लष्करी चाचणीचंही तसंच, फक्त अमेरिकी सैन्यदलांची धरतात. चेक कुठे झाला यापेक्षा कोणाच्या अधिकारात झाला, हे बघतात.

रिव्ह्यूचा धसका घेऊ नका. किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. यात नापास असा शेरा नसतो. इन्स्ट्रक्टरचं समाधान झालं नाही तर तो ती फ्लाइट ड्युअल ट्रेनिंग (इन्स्ट्रक्टरसोबतचा सराव) म्हणून लॉग करतो आणि तुम्ही पुन्हा जाता. जमिनीवरच्या तासात पार्ट 91 चे, म्हणजे उड्डाणाचे सर्वसाधारण, चालू नियम होतात. न्यू जर्सीतून हडसन नदीवर जायचं असेल तर 1,300 फुटांखालच्या पट्ट्याचे नियम तिथेच नीट समजून घ्या.

हवेतल्या तासाची गरज मला पहिल्या टेकऑफलाच कळली. एअरबसमध्ये उजव्या सीटवर बसून उजव्या हाताने साइडस्टिक (बाजूची छोटी कंट्रोल स्टिक) धरायची सवय. सेसनात डावीकडे बसलो, योक (स्टिअरिंगसारखं हँडल) डाव्या हातात, थ्रॉटल उजव्या. वर चढताना पाय नुसते पेडलवर ठेवलेले. नाक डावीकडे सरकत होतं, विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा बॉल उजवीकडे गेलेला. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "राइट रडर," म्हणजे उजवं पेडल दाबा. एअरबसमध्ये ते काम यंत्रणा करते, पायांना त्याचा विसरच पडला होता. लँडिंगलाही मी फार उंचावर फ्लेअर केला (टेकण्याआधी नाक वर उचललं), कारण डोळ्यांना ए320 च्या कॉकपिटची उंची बसलेली. तिसऱ्या सर्किटला, म्हणजे टेकऑफ ते लँडिंगच्या फेरीला, जमलं.

ती तीन सर्किट्स तुम्हालाही लागतील. पॅसेंजर न्यायचा तर मागच्या 90 दिवसांत त्याच क्लासच्या विमानात तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. ए320 मल्टी-इंजिन, 172 सिंगल-इंजिन, म्हणजे एअरलाइनची लँडिंग इथे कामाची नाहीत. रिव्ह्यूतच ती करून घ्या. विमान भाड्याने देणाऱ्या क्लबचं चेकआउटही (विमान देण्याआधीची त्यांची चाचणी) बहुतेक वेळा त्याच फ्लाइटमध्ये उरकतं, आधी फोन करून विचारा.

मुदत महिनाअखेरीपर्यंत धरतात. 7 मे 2024 ला रिव्ह्यू झाला असेल तर 31 मे 2026 पर्यंत चालतो. तुमचा शेवटचा रिव्ह्यू किंवा एफएएची चेकराइड (परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा) कधी झाली ते लॉगबुकात बघा; अजून 24 महिन्यांत असेल तर घाई नाही. मेडिकलही एफएएचंच लागेल, डीजीसीएचं क्लास वन दाखवून भागणार नाही. त्याची अपॉइंटमेंट तिकिटाआधी घ्या.