मिग-21चं हेल्मेट घ्यायचंय? आधी आतून बघा

तुमचा प्रश्न असा: वडील ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत, सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 हे लढाऊ विमानही निवृत्त झालं, आणि एक विक्रेता 'भारतीय हवाई दलाचं अस्सल मिग-21 हेल्मेट' 28 हजारांना देतोय. घ्यावं का?

फोटोंवरून तरी थांबा. तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो बाहेरून काढलेत. हेल्मेटचं बाहेरचं रूप कुणीही रंगवून देतं, गोल तिरंगी चिन्हही चिकटवून देतं. ओळख पटते ती आतल्या शिक्क्यांवरून, पट्ट्यांवरून आणि वायरिंगवरून.

मिग-21च्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक झेश-3 हे सोव्हिएत हेल्मेट असतं. नाव 'झाश्चित्नी श्लेम', म्हणजे संरक्षक शिरस्त्राण, यातल्या आद्याक्षरांवरून. रशियन 'झ' आपल्या परिचयाच्या इंग्रजी 3 सारखा दिसतो आणि 'श' म्हणजे एका आडव्या रेघेवर तीन उभ्या दांड्या. ही जोडी आत कुठे दिसते का ते बघा. झेश-3च्या टणक कवचात स्वतःचे इअरफोन नसतात. खाली मऊ टोपी घालायची. इअरफोन आणि गळ्याला टेकणारे मायक्रोफोन तिच्यात. नुसतं कवच विकणारा अर्धीच वस्तू विकतोय. ब्रिटिशांची जुनी पद्धतही तशीच होती: आत 'टाईप जी' ही कापडी टोपी, वर 'मार्क 1'चं कवच. पंख्याच्या विमानांच्या काळातली टोपी तशीच ठेवून, जेटच्या वेगात डोकं कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक छतावर) आपटू नये म्हणून वर टणक कवच चढवलं. अमेरिकनांनी मात्र त्यांच्या पी-1 हेल्मेटपासूनच इअरफोन कवचात बसवले.

आता चिनी भानगड. चीनने मिग-21ची नक्कल जे-7 नावाने केली आणि झेश-3ची नक्कल टीके-1 नावाने. ही टीके-1 बाजारात ढिगाने आली आणि 'सोव्हिएत मिग हेल्मेट' म्हणून खपली. मी स्वतः पहिलं हेल्मेट असंच घेतलं. घरी आल्यावर अस्तर उचललं तर खाली चिनी अक्षरं! विक्रेत्याचं म्हणणं, 'मिगचंच आहे की.' तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं, म्हणून भांडताही येईना. आज ते माझ्या कपाटात 'टीके-1' अशीच चिठ्ठी लावून आहे. मला आवडतं, फक्त भाव टीके-1चा द्यायला हवा होता.

काचेचा पूर्ण बंद गोळा आणि मानेशी कडं असलेलं दिसलं, तर ते दाबसूटसोबतचं (अंगावर दाब देणाऱ्या खास पोशाखासोबतचं), खूप उंचीवर वापरायचं हेल्मेट. त्याचीही चिनी नक्कल आहे, टीके-4ए.

सोव्हिएत वस्तूसोबत बहुधा छोटी पुस्तिका असते. तिच्यातला क्रमांक हेल्मेटवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. नुसती पुस्तिका पाहून खूश होऊ नका, ती वेगळीही विकत मिळते. आणि सगळं जुळलं तरी ते सोव्हिएत ठरेल, भारतीय नाही. भारतीय वापर सिद्ध करायला हवाई दलाच्या भांडारातल्या खुणा किंवा लिलावाचे कागद लागतात. कागद नसतील तर 'भारतीय हवाई दल' या तीन शब्दांसाठी एक रुपयाही जादा देऊ नका. शिवाय सरकारी सामान कसं बाहेर आलं, हेही विचाराच.

पुढे कधी अमेरिकन हेल्मेट बघितलंत तर लेबलवरच्या साठा क्रमांकाचे (सरकारी भांडाराने वस्तूला दिलेल्या क्रमांकाचे) अंक मोजा. 1974 पर्यंत तो 11 अंकी होता, नंतर 13 अंकी झाला. 13 अंकी लेबल असलेलं हेल्मेट कुणी '1968 चं, व्हिएतनाममधलं' म्हणून विकत असेल तर ते लेबल तरी त्या वर्षाचं नाही.

घेतलंच तर रंग देऊ नका, काचेला ॲसिटोन लावू नका. रबरी मास्क कवचाला लावून ठेवू नका, जुनं रबर चिकट होऊन डाग पाडतं. आतला फोम भुकटी होत असेल तर हात लावू नका, बदलू तर मुळीच नका. आणि ते घालून बाईक चालवायचा मोह होतोच, पण त्यावर आयएसआय नाही आणि आतला फोम म्हातारा झालाय.

विक्रेत्याकडून अस्तर उचलून आतला, मऊ टोपीचा आणि वायरच्या टोकाच्या प्लगचा असे तीन फोटो मागवा आणि इथे टाका. तो टाळाटाळ करत असेल तर ते 28 हजार वडिलांकडेच ठेवा.