आधी इज इक्वल टू खोडून टाक

अगं,

तुझी वही वाचली, निम्मी ठाण्याच्या तलावपाळीवर बसूनच आणि उरलेली लोकलमध्ये. बारा गाणी आणि प्रत्येक प्रतिमेपुढे इज इक्वल टू मारून अर्थ. कावळा म्हणजे मृत्यू, काळा गुलाब म्हणजे संपलेलं प्रेम. मेहनत दिसते, खरंच, पण ते इज इक्वल टू आधी खोडून टाक बघू.

कावळाच घे. माझ्या आजीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तासभर आम्ही सगळे उन्हात उभे, मामा हात जोडून एकेक गोष्ट कबूल करतोय, काही नाही, शेवटी मावशी म्हणाली तुझी तुळस मी माझ्याकडे नेते, आणि मग शिवला. त्या दिवशी कावळा म्हणजे मरण नव्हता गं, आजीचा अडकलेला जीव होता. आणि ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहाच्या गाण्यात, तोच कावळा पलीकडे ओरडतो तर ती बाई हरखते, पंढरीराऊ येणार म्हणून, तुझे पाय सोन्याने मढवीन म्हणते. तुझ्या हेवी मेटल बँडवाल्यांचा रेव्हन तर आपला गल्लीतला कावळाच नाही, तो कावळ्याच्याच जातीतला पण मोठा, वेगळा पक्षी, त्यांच्या जुन्या इंग्लिश कवितांमध्ये लढाईतल्या प्रेतांवर येणारा. म्हणजे आधी पक्षी कुठला, कुणाच्या अंगणात बसलाय, कोण त्याच्याकडे बघतंय हे बघायचं, अर्थ नंतर.

प्रेम आणि मरण एकत्र आलं की आपण घाबरून लगेच डार्क म्हणतो. कवी भा. रा. तांब्यांचं 'नववधू प्रिया मी बावरते' ऐकलंयस ना, आईच्या मोबाईलवर असेल. बरेच जण ते नव्या नवरीचं गाणं म्हणूनच ऐकतात, आणि आहेही तसंच, सासरी निघताना गळा दाटतो, इथला बगीचा मळा सोडवत नाही. मरण हा शब्द कुठेच नाही. पण शेवटी ती म्हणते 'खरे घर ते' आणि तिथे माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो, कारण मग माहेर म्हणजे हे जगणं आणि नवरा म्हणजे तो, न्यायला आलेला. आता नवरी खोटी ठरली का? नाही ना. ती लाज, ती भीती, तो लळा नवरीचा आहे म्हणूनच मरण कळतं. दोन्ही एकदम धरता आलं पाहिजे, एक सोलून टाकून आतलं दुसरं काढायचं नाही.

आणि गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा असं धरू नकोस, तिसऱ्या गाण्यात तू तेच केलंयस, बोलणारी तर मेलेली बायको आहे, परत वाच.

नवव्या गाण्यापुढे मात्र तू काहीच लिहिलं नाहीस, नुसती एकच ओळ तीनदा उतरवलीस, पेन दाबून, मागच्या पानावर उमटलंय. त्याचा अर्थ मला नकोय. रविवारी घरी ये, आधी तेच गाणं ऐकू, काही सांगावंसं वाटलं तर सांग, आणि रविवारपर्यंत थांबणं जमलं नाही तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलते.

तुझी ताई