आधी वरचा मजला एका हातात आणा, लकी ड्रॉचं नंतर बघू

तुमचा प्रश्न वाचला. स्टँडजवळचा वीसेक वर्षं जुना मॉल, तळमजला आणि वर दोन मजले, गाळे बिल्डरने सुटे विकलेले. खाली धंदा बरा आहे, पहिल्या मजल्यावर निम्मी शटरं खाली आणि दुसऱ्यावर एक टेलर नि एक झेरॉक्सवाला सोडून कुणी नाही. कमिटीचा विचार असा की दुसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट करावं, दर्शनी भाग नवा करावा आणि दिवाळीत लकी ड्रॉ काढावा. वर्गणी किती लावावी, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं मॉलच्या लीजिंगमध्ये, म्हणजे जागा भाड्याने देण्याच्या कामात होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. या तिन्हींसाठी सध्या एक रुपयाही काढू नका. लकी ड्रॉला गर्दी होईल, लोक कुपनं भरतील आणि खालच्या खाली निघून जातील. ओस पडलेल्या मजल्यावर फूड कोर्ट तर चालतच नाही. माणसं आधीपासून येत असतील तर ती तिथे खातात. नुसता डोसा खायला बंद शटरांच्या बोळातून दोन जिने कोण चढणार?

खरं दुखणं गाळे विकले गेले, हे आहे. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांत ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले ६४ मॉल निघाले होते, त्याच्या आदल्या वर्षी ५७. अशा मॉलमध्ये गेलात तर बहुतेक वेळा हीच कहाणी ऐकू येते. सगळी जागा एका मालकाची असली की तो एका दुकानात मार खाऊन दुसऱ्यात कमावतो. थिएटरला किंवा मोठ्या दुकानाला पडत्या भाड्याने जागा देतो, कारण त्यांच्यामुळे येणारी गर्दी बाकीच्या दुकानांचं भाडं काढून देते. लहान दुकानांशी 'किमान भाडं किंवा विक्रीचा टक्का, जे जास्त असेल ते' असा करार असतो, म्हणजे दुकान चालावं ही मालकाचीही गरज असते. लोअर परळच्या फिनिक्सने १९०५ सालच्या गिरणीत दुकानं काढली ती भाड्याने देण्यासाठी, विकण्यासाठी नाही. बिग बझारच्या अगदी सुरुवातीच्या दुकानांपैकी एक तिथे होतं. आज तिथे उंची ब्रँडच्या पाट्या दिसतात, पण सुरुवातीची बरीच गर्दी डाळ-तांदूळ-साबणाची होती.

तुमच्याकडे शेजाऱ्याचा धंदा वाढावा म्हणून आपला गाळा स्वस्तात कोण देईल? एकाने कर्ज काढून घेतलाय, त्याला हप्त्याएवढं भाडं हवं. एकजण अमेरिकेत आहे, त्याला कुलूप परवडतं. तिसऱ्याने साडीच्या दुकानाशेजारी पत्र्याच्या कपाटांचं गोडाऊन केलंय आणि त्याला 'हलव' म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

अर्थात एकच मालक असला की मॉल तरतोच असंही नाही. हाजीअलीजवळचं क्रॉसरोड्स १९९९ मध्ये उघडलं तेव्हा इतकी झुंबड उडाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा, असा नियम लावला होता. पुढे तो मॉल फ्यूचर ग्रुपकडे जाऊन सोबो सेंट्रल झाला, हळूहळू ओस पडला आणि २०२४ मध्ये के. रहेजा कॉर्पने ४७६ कोटींना घेतला. तिथे निदान विकायचं ठरवणारा एक पक्ष होता. तुमच्याकडे प्रत्येक गाळ्याचा वेगळा.

तुमच्या पुढच्या सभेत कुणीतरी नक्की उठून म्हणेल, 'एक डी-मार्ट आणा, सगळं सुटेल.' डी-मार्टवाले शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढतात, नाहीतर फार लांब मुदतीचा करार मागतात. तीसचाळीस मालकांच्या दारात ते उभे राहणार नाहीत. कपड्यांच्या मोठ्या ब्रँडना साधारण सात-आठ हजार चौरस फूट सलग जागा आणि रस्त्यावरून दिसणारी काच लागते. ती तळमजल्यावरच मिळेल, आणि तिथले गाळे चालू आहेत. तो नाद सोडा.

आणि वरच्या मजल्यावर दुकानंच चालवायचा हट्टही सोडा. हे रडगाणं नवं नाही. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराच्या भर बाजारपेठेत १८२८ ची एक तीन मजली आर्केड आहे, तिथला सगळ्यात जुना बंदिस्त मॉल म्हणून ती ओळखली जाते. वरचे मजले तिलाही जड जात होते. २००८ मध्ये ती बंद केली आणि २०१३ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा खाली दुकानं ठेवून वरच्या दोन मजल्यांवर ४८ छोटी घरं काढली होती. आपल्या नियमांत घरं बसवणं कठीण, पण नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्सचा मार्ग बसतो. १९६७ चा तो मॉल रिकामा होत चालला होता. २००९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने वरचा मजला घेऊन तिथे क्लिनिक्स काढली, खाली दुकानं चालू राहिली. २०२० मध्ये त्यांनी अख्खा मॉलच विकत घेतला.

म्हणजे वर असं काहीतरी हवं जिथे माणूस ठरवून, काम काढून येतो. पॅथॉलॉजी लॅब, डोळ्यांचा किंवा दातांचा दवाखाना, फिजिओ, विमा कंपनीचं ऑफिस, स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं डायलिसिस सेंटर. पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, दर वेळी चारेक तास आत असतो आणि सोबतचा माणूस बाहेर मोकळा. तो खाली चहा पितो, मोबाइलचं कव्हर बदलतो, घरी न्यायला भाजी शोधतो, महिन्याभरात चपलेच्या दुकानदाराच्या ओळखीचा होतो. असा माणूस लकी ड्रॉने मिळत नाही. फक्त पाणी आणि जनरेटरची सोय आधी तपासा. एमआरआयवाला आला तर त्याला तळघर किंवा तळमजला दाखवा, ते वजन वरच्या स्लॅबवर टाकू नका.

आता करायचं कसं. दुसऱ्या मजल्यापासूनच सुरुवात करा, तिथे कुणाचंच काही चालत नसल्याने लोक लवकर तयार होतात. मालकांची एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढा, सगळे तिला जागा देतील आणि ती पुढे एकाच भाडेकरूला देईल. भाडं कार्पेट एरियाप्रमाणे वाटा. कोपऱ्याचा गाळा, जिन्यासमोरचा गाळा असा भेद एकदा केलात की सभा उजाडेपर्यंत चालेल. मधल्या भिंती काढायला प्रत्येकाची लेखी संमती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट आधी हातात असू द्या. साठ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दवाखानावाला महागडी यंत्रं बसवणार नाही, त्याला नऊ-दहा वर्षांची नोंदणीकृत लीज लागेल. तुम्हीही त्याच्याकडून लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडणार नाही, असं लिहून घ्या आणि फर्निचरच्या काळात भाडं माफ करायची तयारी ठेवा.

दोघं-तिघं अडून बसतील. त्यांच्यासाठी थांबू नका, त्यांचे गाळे पॅसेजच्या कडेला राहतील असा नकाशा काढा. मेंटेनन्स थकवलेल्यांना सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडच्या वसुली दाखल्याची आठवण करून द्या आणि त्याच दमात 'थकबाकी येणाऱ्या भाड्यातून वळती करू' असंही सांगा. अमेरिकेतल्या मालकाची सही बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यावर येते.

एक गोष्ट मात्र रेटून नेऊ नका. वापर बदलला की महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी आणि अग्निशमन दलाचा दाखला नव्याने लागतो. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ ला वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ माणसं गेली, बहुतेक विद्यार्थीच. भांडुपच्या ड्रीम्स मॉलला मार्च २०२१ मध्ये आग लागली तेव्हा वर कोविड रुग्णालय चालू होतं. तुमच्याकडचा मागचा जिना आज खोक्यांनी भरलेला असेल, मी पैज लावतो. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तुमचा शेवटचा कधीचा आहे ते फाइलमध्ये बघा.

वर्गणी काढायचीच असेल तर ती या जिन्यावर, लिफ्टवर, स्वच्छतागृहावर आणि पार्किंगवर लावा, याच क्रमाने. लिफ्ट बंद असेल तर वरचं सगळं बोलणं फुकट आहे, पेशंट जिना चढणार नाही. दर्शनी भाग शेवटी, तेही भाडेकरूने पाटीसाठी पैसे दिले तर. सेंट्रल एसीचा प्लांट अजून चालवत असाल तर एकदा त्याचं वीजबिल वेगळं काढून बघा, पॅसेजमधली थंडी कुणासाठी चाललीय ते कळेल.

इंजिनिअरने इमारतच कमकुवत ठरवली, तर मात्र यातलं काहीही करू नका, सरळ पुनर्विकासाचं बोला. ओहायोतल्या कोलंबसने १९८९ चा आपला सिटी सेंटर मॉल वीस वर्षांत पाडून २०११ मध्ये तिथे बाग केली. भर शहरातलाच होता तो.

दुसऱ्या मजल्याचा नकाशा, गाळ्यांचं कार्पेट आणि थकबाकीची यादी (नावं झाकून) इथे टाका. आणि स्लॅबची भारक्षमता मूळ आरसीसी ड्रॉइंगमध्ये सापडते का बघा. भाड्याच्या दराचं त्यानंतर बोलता येईल.